जीप आपली, पाना कुणाच्या हातात?

(चांदूर रेल्वे इथे कार्यकर्त्या बायकांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'जीपचा क्लच' असं छापलेलं पाहून सकाळपासून चार-पाच जणींनी विचारलं, हे छापताना काही चुकलं का? नाही चुकलेलं. काल आपण कौटुंबिक हिंसाचार कायद्यावर दिवसभर बोललो. २००५ चा कायदा, २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेला, संरक्षण अधिकारी कोण, अर्ज कुठे करायचा, सगळं झालं. पण अर्ज करायला बाईनं घरातून निघून तालुक्याला पोचावं लागतं. ती कशी पोचते, कुणाच्या गाडीत, गाडी मध्येच थांबली तर काय, यावर आपण शिबिरात कधी बोलत नाही. आज त्यावर बोलायचं आहे, आणि तेही साऱ्या गाडीवर नाही, तिच्या एका तुटणाऱ्या सांध्यावर.

आपल्या संस्थेची जीप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. बाहेर चिंचेखाली उभी आहे. एका सरकारी खात्यानं निर्लेखित केलेली, लिलावात घेतलेली, १९८० च्या दशकातली महिंद्रची जीप. मूळचं इंजिन पेट्रोलचं, नंतर कुणीतरी डिझेलचं बसवलेलं. अशी गाडी आता घ्यायची म्हटली तरी मिळणार नाही, कारण एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालवत नाहीत, त्या भंगारात काढायच्या असा नियम झाला. तेव्हा ही आहे ती जपायची. काहीजणी म्हणतात, विका आणि एखादी साधी व्हॅन घ्या. त्यांना माझं उत्तर एवढंच, की आषाढात आपल्याकडच्या पांदणीतून ती व्हॅन काढून दाखवा. काळ्या मातीत चाक रुतलं की पुढची चाकंही ओढणारी गाडी लागते. पोहरा-मालखेडच्या जंगलाकडच्या गावांना जा किंवा नाल्यापलीकडच्या तांड्यावर, पावसात तिथे जीप जाते नाहीतर बैल जातो.

या गाडीचा इतिहासही थोडा सांगते, कारण तो मजेचा आहे. जीप ही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी बनलेली गाडी, विलीज कंपनीची. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्र आला. १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार व्हायला लागली. तेव्हापासून आपल्या खेड्यात जीप म्हणजे सत्ता. तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, निवडणुकीची जीप. १९७६ साली आणीबाणीतल्या नसबंदीच्या मोहिमेत जीप दिसली की माणसं तुरीच्या शेतात दडून बसायची, हे आपल्या आयांनी सांगितलेलं आहे. नंतर काळी-पिवळी आली आणि जीप लोकांची झाली. पण चाकामागे पुरुष, बोनेटखाली पुरुष, आणि बाई मागच्या फळीवर पोतं मांडीवर घेऊन. हे चित्र फारसं बदललेलं नाही.

आता क्लचकडे येते.

इंजिन सतत फिरत असतं. गिअर बदलायचा किंवा गाडी थांबवायची तर इंजिनाचं फिरणं चाकापर्यंत जाऊ न देता थोडा वेळ तोडावं लागतं. हे तोडायचं काम क्लच करतो. नव्या गाड्यांत तेलाच्या नळीनं हा दाब पोचवतात, विजेच्या गाड्यांना तर क्लचचं पायडलच नसतं. जुन्या जीपमध्ये मात्र सगळा कारभार लोखंडाचा, डोळ्यांनी दिसणारा. पायडल तळाच्या पत्र्यातून खाली जातं आणि चासीवरच्या आडव्या दांड्यावर फिरतं. त्याच्या खालच्या टोकाला एक रॉड. तो रॉड एका आडव्या नळीला फिरवतो. या नळीचं एक टोक चासीवर बसवलेल्या बॉलवर टेकलेलं, दुसरं टोक इंजिनाच्या बाजूच्या बॉलवर. नळीला दोन कान वेल्ड केलेले असतात. एका कानात पायडलचा रॉड अडकतो. दुसऱ्या कानातून एक आखूड तारदोर किंवा रॉड निघून घंटेच्या आकाराच्या ओतीव डब्याकडे जातो. त्या डब्याच्या कुशीतून एक दांडी बाहेर डोकावते, तिला फोर्क म्हणतात. फोर्क आत एका बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबतं आणि क्लच प्लेट सुटते. हापशाचा दांडा आपण खाली दाबतो आणि आत दट्ट्या वर जातो, तसाच हा प्रकार. फक्त दांड्याला तीन-चार कोपरं आहेत.

या कोपरांना मिस्त्री एकत्र 'लिंक' म्हणतात. तुटते ती बहुधा लिंकच. कारण समजून घ्या. नळीचा एक पाय चासीत आणि दुसरा इंजिनात. इंजिन रबराच्या गादीवर बसलेलं असतं. रबर दबलं, फाटलं की इंजिन हलतं, चासी हलत नाही, आणि मधल्या नळीची ओढाताण होते. सासर-माहेरच्या मध्ये सापडलेल्या सुनेसारखी, असं आमच्या एक काकू म्हणाल्या होत्या. हसा, पण लक्षात राहील. आपल्या जीपमध्ये त्यातच भर म्हणजे इंजिन बदललेलं. डिझेलचा हादरा जास्त, आणि दुसऱ्या इंजिनासाठी बॉलची जागा जराशी सरकवलेली, त्यामुळे नळी सरळ रेषेत बसत नाही. पिना झिजतात, गोल भोकं लांबट होतात, नळीच्या कानाच्या वेल्डिंगला चीर जाते. वर चिखल आणि पाणी, आणि खाली वाकून ग्रीस लावायला कुणी नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगत्ये ते ऐका. क्लच बिघडला असं आपण एका वाक्यात म्हणतो, पण बिघाड दोन तऱ्हेचा असतो आणि दोन्हींची लक्षणं उलटी. प्लेट झिजली असेल तर इंजिन ओरडतं, पण गाडी चढावर ओढत नाही. म्हणजे जोडलेलं राहत नाही. लिंक तुटली असेल तर पायडल पाण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं, पायाला जोर लागत नाही, गिअर टाकायला गेलं की कर्रकर्र आवाज होतो. म्हणजे सुटत नाही. पहिल्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दिवसभराचं काम, मोठा खर्च. दुसऱ्यासाठी बऱ्याचदा एक पिन, एक बोल्ट, फार तर थोडं वेल्डिंग. आता बाई गॅरेजमध्ये उभी राहते आणि म्हणते, 'भाऊ, क्लच लागत नाही.' एका गॅरेजमध्ये आमच्या दोघीजणींना ऐकवलं गेलं, 'प्लेट गेली ताई, गाडी सोडून जा, चार दिवसांनी या.' एकही माणूस खाली वाकला नव्हता. आमच्यातली एकजण म्हणाली, 'पायडलला जोरच लागून नाही राह्यला, तर प्लेट कशी गेली?' मग मिस्त्री खाली गेला आणि बाहेर आला तेव्हा हातात फोर्कच्या बाजूची झिजून तुटलेली पिन होती. तासाभरात गाडी परत मिळाली. त्या मिस्त्रीला मी बदमाश म्हणत नाही. त्याच्याकडे एक भाषा होती, आपल्याकडे नव्हती, आणि भाषा नसलेल्या गिऱ्हाइकाशी जे होतं ते झालं. दवाखान्यात आपल्याशी काय होतं ते आठवा. पिशवी काढून टाका म्हणतात, तेव्हा 'का' हे विचारायला शब्द लागतात. त्यासाठी आपण आरोग्याची शिबिरं घेतली, आरशानं आपलं शरीर पाहायला शिकलो. लोखंडाच्या पोटाबद्दल मात्र आपली लाज अजून गेलेली नाही.

लाजेबद्दल बोलायलाच हवं. गाडीखाली जायचं म्हणजे रस्त्याच्या कडेला आडवं व्हायचं. पाय बाहेर, पदर मातीत. बाई दिवसभर शेतात वाकून निंदण करते, कापूस वेचते, तेव्हा तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. तीच बाई जीपखाली उताणी झाली की गाव गोळा होतं. 'काय करून राहिल्या वं माय?' असं एक म्हातारे बाबा विचारत होते, ते काळजीनं. बाकीचे काळजीनं नव्हते. आपल्याकडे बाईनं नांगराला हात लावू नये असं मानतात. हत्यार कुणाच्या हातात, यावरून मजुरी ठरते आणि मानही ठरतो. पण याच मुलखात तळेगाव दशासरच्या शंकरपटात बायकांनी धुरकरी होऊन बैलजोड्या उधळल्या आहेत, हजारो माणसांसमोर. तेव्हा 'बायकांना जमत नाही' हा मुद्दा नाही. एका दिवसाचं कौतुक चालतं, रोजचं काम हातात द्यायला नको असतं.

मी हे फक्त आपल्याबद्दल म्हणत नाही. आपण ज्या रेल्वेच्या गावात बसलो आहोत त्या मध्य रेल्वेवरच साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी गाड्या चालवल्या, २०११ मध्ये डेक्कन क्वीनही चालवली. पण एस.टी.मध्ये बसच्या चाकामागे बाई दिसायला २०२३ साल उजाडावं लागलं. वाहक बायका कितीतरी आधीपासून होत्या. तिकीट फाडायला बाई चालते, गिअर टाकायला नाही, असा तो हिशेब. युद्धाच्या वेळी मात्र हा हिशेब मोडतो. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथसुद्धा १९४५ मध्ये सैन्याच्या महिला दलात गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकली होती. आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं तर उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याचं घ्या. १९९० च्या दशकात महिला समाख्याच्या कामातून तिथल्या गरीब, बऱ्याचशा दलित बायका हापसे दुरुस्त करायला शिकल्या. ज्यांच्या शिवण्यानं पाणी बाटतं असं गाव म्हणायचं, त्यांच्याच हातांनी हापसा उघडून गावाला पाणी मिळू लागलं. हे मला नेहमी मोठं वाटतं. तिथे पान्यानं नुसता हापसा उघडला नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते. बाईचं नाव-गाव सांगणार नाही. रात्री मार खाऊन ती लेकराला घेऊन बहिणीकडे आली होती आणि बहिणीनं आपल्याला फोन केला. ११२ ला फोन करता येतो, १८१ आहे, अमरावतीला सखी केंद्र आहे, हे आपण सांगतोच, सांगत राहायचं. पण नाल्याला पाणी होतं आणि त्या वेळी पोचू शकणारी गाडी आपलीच होती. चालवायला आपल्याच ताई होत्या. बाईला आणि लेकराला घेतलं, परत निघालो आणि तळेगावच्या अलीकडे पायडल खाली बसलं. मागे तिच्या सासरची माणसं येतील ही भीती होती. अशा वेळी कुणाला बोलवायचं? रात्री येणारा मिस्त्री गावातलाच असतो, आणि गावातला माणूस कुणाचा तरी भाचा असतो. बाई आपल्या गाडीत आहे हे ज्याला कळू नये, त्याला ते अर्ध्या तासात कळतं.

ताईंनी हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, बॅटरी घेऊन खाली गेल्या. नळीचा कान वेल्डिंगपासून अर्धा सुटून मागे वळला होता, त्यामुळे पिन निघून पडली होती. वेल्डिंग तिथे होणार नव्हतं. त्यांनी कान हातोडीनं परत जागेवर आणला, पिनेच्या जागी डब्यातला बोल्ट घातला, दोन नट एकमेकांवर आवळले आणि कान व नळी मिळून बांधणीच्या तारेचे सात-आठ वेढे दिले. पायडल अर्धवट काम करायला लागलं. पुढे क्लच शक्य तेवढा कमी वापरायचा म्हणून त्यांनी इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला आणि तसाच स्टार्टर मारला. गाडी हिसका देऊन निघाली. ही युक्ती जुन्या गाडीत चालते, मोकळ्या सपाट रस्त्यावरच करायची, पुढे माणूस उभा असताना कधीच नाही. चांदूरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत गिअर दोनदाच बदलला. त्या बाईच्या जखमांची नोंद त्याच रात्री झाली. पुढे अर्जात ती नोंद कामाला आली.

दुसऱ्या दिवशी खरं काम केलं, आणि इथे दुरुस्त काय करायचं आणि बदलायचं काय हा प्रश्न येतो. चिरलेला कान वेल्ड करता येतो, पण नळी खाली उतरवून. गाडीवरच वेल्डिंग करू देऊ नका, डिझेलच्या नळ्या जवळ असतात. अगदी करावंच लागलं तर आधी बॅटरीची तार सोडवायची. लांबट झालेलं भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा पाडता येतं किंवा त्यात बुश बसवता येतो, लेथवाला करून देतो. झिजलेला बॉल आणि उसवलेली तारदोर मात्र बदलायचीच, तिथे काटकसर नको. वाकलेला रॉड एकदा सरळ केला तर चालतो, तोच पुन्हा वाकला तर फेकून द्या. आणि इंजिनाचं रबर पाहिल्याशिवाय ही सगळी दुरुस्ती वाया. आम्ही रबरं बदलली. अमरावतीच्या दुकानात जुन्या जीपचे भाग अजून मिळतात, नाहीतर नागपूर. जाताना जुना तुटलेला भाग हातात घेऊन जायचा, नाव आठवत बसायचं नाही. काउंटरवरचा माणूस 'गाडी कोण चालवते? त्यांना पाठवा' म्हणाला तर म्हणायचं, 'तेच आलेत.'

शेवटी पायडलचा खेळ लावायचा. वरून साधारण इंचभर पायडल मोकळं जायला हवं, मग जोर लागायला हवा. रॉडवर चाकी आणि तिला आवळणारा नट असतो, तिथून कमी-जास्त होतो. खेळ अजिबात नसेल तर आतलं बेअरिंग कायम घासत राहून जळतं. फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि पुन्हा कर्रकर्र. पायडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ती मोडा.

आता थोडं कडू. आपल्या संस्थांचे अंदाजपत्रक काढून बघा. प्रशिक्षण, साहित्य, मानधन, प्रवास, सगळ्याला रकाना आहे. गाडीच्या देखभालीला बहुतेक ठिकाणी नाही, आणि देणगीदार तो द्यायला तयार नसतात. मग दुरुस्ती 'किरकोळ'मध्ये जाते आणि किरकोळ गोष्टी पुरुषांकडे सोपवल्या जातात. कितीतरी संस्थांत ड्रायव्हरभाऊंचं मानधन गावात काम करणाऱ्या ताईंपेक्षा जास्त असतं, कारण त्यांच्याकडे 'कौशल्य' आहे. आणि बैठक किती वाजता संपायची हे भाऊंना घरी कधी जायचं त्यावर ठरतं. बायकांच्या संघटनेचं वेळापत्रक एका पुरुषाच्या जेवणावर चालतं, हे मी एका नाही, अनेक ठिकाणी पाहिलं आहे. भाऊ चांगले असतात, प्रश्न तो नाही. गाडी कधी निघेल हे ठरवायचा हक्क आपला हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दर तालुक्यात किमान दोघींनी परवाना काढावा, एकीनं नाही, कारण एकजण आजारी पडते, बाळंत होते, तिला घरून सोडत नाहीत. त्या दोघींना महिन्यातून एकदा गाडीखाली जायचा दिवस ठरवून द्यावा. ग्रीस, पिना, तारदोर पाहायची आणि वहीत लिहायचं. या कामाचे पैसे मिळावेत, सेवा म्हणून नको. मुलींना आय.टी.आय.मध्ये शिवणकामापलीकडे मोटार आणि डिझेल मेकॅनिकच्या जागा असतात, तिथे राखीव जागाही असतात. त्या रिकाम्या राहतात म्हणून ओरडण्यापेक्षा आपल्या वस्तीतली एक मुलगी तिथे घाला आणि पहिले सहा महिने तिच्या घरच्यांशी भांडायला तयार राहा. वर्गात ती एकटी पडणार हेही धरून चला. शक्यतो दोघी पाठवा.

परवाना, परवानगी, पैसे यावर दुपारी गटात बोलू. आता चहानंतर सगळ्यांनी चिंचेखाली यायचं आहे. जीपची नळी मुद्दाम उतरवून ठेवली आहे, तुम्ही ती बसवायची. चार-चार जणींचे गट. साडीचा पदर घट्ट खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, काचेच्या बांगड्या आणि गळ्यातलं काही लोंबतं असेल तर पिशवीत घाला, फिरत्या भागात अडकतं. इंजिन बंदच असेल, तरीही सवय आजपासून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाणार नाही, लाकडी ठोकळे लावलेले आहेत का ते प्रत्येक गटानं स्वतः हलवून बघायचं, मी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. पाने पोत्यावर मांडलेत, कुठला पाना कुठल्या नटाला लागतो ते लावून बघा. पहिला गट नांदगाव खंडेश्वरचा.